तुरळक ठिकाणी पाऊस

आमच्या गावात मेलेल्या माणसांना पाणी घालतात. बाहेरच्या माणसाला हे ऐकून चमत्कारिक वाटतं, म्हणून आधीच सांगून टाकते. माळशिरसच्या पश्चिमेला जिथं उसाचा हिरवा पट्टा संपतो आणि डोंगर सुरू होतो, तिथं आमचं गाव. कालवा गावाच्या खालून जातो, त्यामुळं खालचे सगळे बागायतदार आणि वरचा माळ जन्माचा तहानलेला. बऱ्याच वर्षांपूर्वी गावानं ठरवलं, की राख सावडली की ती नदीत सोडायची नाही. डोंगराच्या पायथ्याला गायरानात खड्डा घ्यायचा, त्यात राख टाकायची आणि वर झाड लावायचं. पंचायतीनं तिथं ‘स्मृतिवन’ अशी पाटी ठोकली होती, ती वळवाच्या वाऱ्यानं उडून गेली. आम्ही त्याला माणसांचा माळ म्हणतो.

झाडाला नाव त्या माणसाचंच. मुक्ताबाई यंदा वाळली, भीमाला शेळ्यांनी खाल्लं, असं आम्ही बोलतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आमच्या ह्यांची चिंच आहे. जिवंतपणी आंबट तोंड करून बसायचे, म्हणून मी मुद्दाम चिंच लावली. निदान आता येणाऱ्याजाणाऱ्याला सावली तरी देत होते.

महानंदाची आरोही तिथंच होती. बहाव्याचं झाड.

महानंदा माझी शेजारीण. माझी पिठाची गिरणी आणि तिचं घर यांत एक बोळ आहे, तेवढंच अंतर. आरोही तिची धाकटी मुलगी, बारावीची परीक्षा देऊन घरी बसली होती. सात वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात पत्र्यावर कुरडया वाळत घातलेल्या होत्या, आभाळ भरून आलं आणि महानंदानं खालून हाक दिली, “आरू, कुरडया गोळा कर गं!” पोरगी शिडीवरून वर गेली आणि वीज पडली. पाऊस तर नंतर आलाच नाही. चार थेंब पडले आणि ऊन पडलं.

त्या दिवशी महानंदाचा नवरा, ज्ञानबा, रानातून धावत आला. पोरीला बघितलं आणि बायकोकडं वळून एवढंच म्हणाला, “तू पाठवलीस.” मी तिथंच होते, माझ्या कानांनी ऐकलं. पुढं तो ते कधी बोलला नाही, पण परतही घेतलं नाही. घरात दोघं जेवत होती, शेत करत होती, मुलाचं, शिवराजचं, लग्न लावून दिलं, सगळं रीतीप्रमाणं चाललं होतं. पण नवरा-बायको म्हणून दोन शब्द नाहीत. ज्ञानबा माळावर कधी फिरकला नाही. महानंदा मात्र उन्हाळाभर रोज सकाळी घागर घेऊन चढायची. खालच्या ऊसवाल्यांकडून उसाचा वाळला पाला, पाचट, मागून आणायची आणि ओल टिकावी म्हणून झाडाच्या आळ्यात जाड थर घालायची. एवढी माया तिनं पोरीवर जिवंतपणीही केली होती, पण तेव्हा ती कुणी मोजली नाही.

यंदा बहाव्याला पहिल्यांदा कळ्या धरल्या. आणि नेमकी तेव्हाच महानंदाला कुंभारीला जावं लागलं. शिवराज तिथं राहून सोलापुरातल्या कारखान्यात जातो. सून रेश्माचे दिवस भरत आलेले, तिला आई नाही, मग सासूनंच जायला हवं. जायच्या दिवशी महानंदा घागर घेऊन नवऱ्यासमोर उभी राहिली.

“आरोहीला रोज पानी घालायचं. चुकवायचं न्हाय. फूल उमलायच्या आत मी येतीय.”

ज्ञानबानं मान हलवली. मला वाटलं, हा दोन दिवस घालील आणि तिसऱ्या दिवशी विसरेल. माझा पुरुषांवर तसाही विश्वास कमीच. पण ज्ञानबा जायला लागला. पहाटेच घागर खांद्यावर, डोईला टॉवेल. आधी पाणी घालून लगेच उतरायचा, मग तिथंच बसू लागला. खाली आला की माझ्या गिरणीच्या पायरीवर बसायचा, कारण आमच्या आळीत मोबाईलला रेंज तिथंच येते. महानंदाचा फोन ठरलेला.

“आरोहीला पानी घातलं का?”

“घातलं.”

एवढंच बोलणं व्हायचं. पण एके दिवशी ज्ञानबानं फोन ठेवला नाही. थोडा वेळ घुटमळला आणि म्हणाला, “उमललीय. पिवळीजर्द. लांब घोस लोंबत्यात.”

पलीकडं महानंदानं नाक ओढलं. मग म्हणाली, “थांब म्हनावं तिला. बारसं झालं की मी येतीच.” रेश्माला आदल्याच दिवशी मुलगा झाला होता. ज्ञानबा फोन खिशात घालून माझ्याकडं बघून हसला. सात वर्षांनी त्या माणसाचे दात दिसले. मला एवढं बरं वाटलं, की मी त्याला चहा पाजला, आणि मी फुकट चहा पाजत नाही.

आता गवताचं सांगते. गेल्या वर्षी पाऊस बरा झाला, त्यामुळं माळावर कुसळी गवत कमरेएवढं वाढलं होतं आणि उन्हाळ्यात वाळून कोरडंठाक झालं होतं. डोंगराला वणवा दर वर्षी लागतो. कुणी विडी टाकतं, कुणी मधाचं पोळं काढायला धूर करतं. म्हणून शिमग्याच्या आसपास गावातली पंधरा-वीस माणसं सकाळच्या दवात वर जातात आणि झाडांच्या भोवतीनं गवताचा पट्टा जाळून काढतात. हातात लिंबाचे हिरवे डहाळे, पाण्याचे हंडे, पट्टा जळला की लगेच झोडपून विझवायचा. मग वणवा आला तरी त्या काळ्या पट्ट्याशी येऊन थांबतो. यंदा सगळे निवडणुकीच्या मागं फिरत होते. मग ऊसतोड लांबली. मग ऊन वाढलं. मेलेल्यांची मतं नसतात, त्यामुळं माळाकडं कोण बघणार!

त्या फोननंतर तीन-चार दिवसांनी दुपारी आभाळ पश्चिमेकडून काळं झालं. पानही हलत नव्हतं, अंगाची नुसती घामानं आंघोळ. गिरणीवरच्या सगळ्यांचे मोबाईल एकदम किणकिणले. मी गिरणीचा पट्टा बंद करून वाचलं : येत्या तीन तासांत सोलापूर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह वादळी पाऊस. ज्ञानबा पायरीवरच होता.

“वैनी, पाऊस सांगितलाय,” तो म्हणाला.

“सांगितलाय की. पडला म्हंजे खरं.”

“विजा बी सांगितल्यात.”

तो उठला आणि घराकडं गेला. मला वाटलं गुरं आत बांधायला गेला असेल. पुन्हा बोळातून बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर भिजवलेलं पोतं होतं. मी विचारलंही नाही. दळण अर्धं राहिलं होतं, लाईट कधी जाईल त्याचा भरवसा नव्हता.

त्याच्या मनात काय होतं, ते त्यानं नंतर मला सांगितलं. त्याला विजेची भीती बसली होती. एवढ्या वाळलेल्या गवतावर एक वीज पडली, तर माळ भडकणार आणि आरोही जाणार. तेव्हा वीज यायच्या आत तिच्याभोवती पट्टा जाळायचा. माणसं गोळा करायला वेळ नव्हता, आणि खरं तर त्याला कुणी नकोही होतं. पोरीसाठी आपण एकट्यानं काहीतरी करावं असं त्याला वाटत होतं. आग थोडी इकडंतिकडं सरकलीच तर तीन तासांत पाऊस येणार आहे, तो विझवील. जुनी गुराखी माणसंही वळवाच्या तोंडावर गवत पेटवून द्यायची. वरून पाऊस, आग आपोआप शांत, आणि राखेवर आठ दिवसांत कोवळं गवत. त्यानं हे लहानपणापासून बघितलं होतं. त्यात वेडेपणा काय होता? मी असते तरी कदाचित तेच केलं असतं.

फक्त त्या निरोपात ‘तुरळक ठिकाणी’ असं लिहिलं होतं. पण ते कोण वाचतं! आपलं गाव तुरळकात नसेल असं कुणालाच वाटत नाही.

धूर मी गिरणीच्या दारातून बघितला. पांढरा, बारीक, सरळ वर जाणारा. मग वारा सुटला. वळवाचा वारा आधी मागं ओढतो आणि मग तोंडावर येतो, तसा तो एकदम डोंगरावरून खाली फिरला आणि धूर आडवा झाला. मी ओरडत सुटले. आळीतली आठ-दहा माणसं, बाया, हातात सापडेल ते घेऊन पळाली. वर पोचलो तेव्हा ज्वाळा माणसाएवढ्या झाल्या होत्या आणि त्यांच्या आवाजानं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. ज्ञानबा मधोमध होता. पोतं जळून त्याच्या हातात नुसती चिंधी राहिली होती, ती तो आपटत होता. भुवया गेल्या होत्या.

“आरू!” म्हणून ओरडत होता. माळाला हाक मारतो की झाडाला, कळत नव्हतं.

आम्ही त्याला ओढून काढलं. आभाळ डोक्यावर गडगडत होतं, विजा डोंगरापलीकडं चमकत होत्या, आणि आम्ही सगळे तोंड वर करून उभे. मी आयुष्यात देवाकडं फारसं काही मागितलेलं नाही, पण तेव्हा मोठ्यानं मागितलं. टपोरे थेंब आले. माझ्या हातावर एक पडला, तो कोमट होता. असे मोजून दहा-बारा पडले असतील, मातीचा वास आला, आणि संपलं. खाली पूर्वेला, दुसऱ्या गावाच्या शिवारावर पावसाची करडी भिंत उतरलेली आम्हाला स्पष्ट दिसत होती. तिथं ओढे वाहिले असं नंतर कळलं. आमच्यासमोर आमची माणसं एकेक करून पेटत होती, आणि मी आमच्या ह्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही, कारण सगळ्यांचे डोळे बहाव्याकडं होते.

पिवळे घोस आधी आकसले. मग झाड एका बाजूनं काळं पडलं. ज्वाळा पुढं निघून गेल्या तेव्हा वाटलं, वाचेल. पण आळ्यात महानंदानं घातलेलं पाचट होतं. ज्ञानबानं भोवतीचं गवत जाळायचं ठरवलं, पण बायकोनं मायेनं घातलेल्या त्या थराला हात लावायचा त्याला धीर झाला नव्हता. आग त्या पाचटात बसली आणि बुंध्याशी संध्याकाळपर्यंत धुमसत राहिली. आमच्या हंड्यांतलं पाणी केव्हाच संपलं होतं.

वणवा गायरान ओलांडून वर वनखात्याच्या रोपांत शिरला, आणि तिथून पुढं गोष्ट बिघडली. दुसऱ्या दिवशी सकाळी वनरक्षक आला. तरुण होता, रात्रभर वरच्या अंगाला आग झोडपून त्याचाही चेहरा काळवंडला होता. “कुणी लावली?” त्यानं विचारलं. वनखात्याच्या जंगलात आग लावणं म्हणजे केस. सरपंचानं क्षणाचाही वेळ लावला नाही.

“ईज पडली सायेब. काल न्हाय का आभाळ गरजत व्हतं? समद्या गावानं बघितलंय.”

आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. ज्ञानबा भाजलेले हात मांडीवर ठेवून पारावर बसला होता, त्याला आता तुरुंगात कोण धाडणार? वनरक्षकानं एकदा त्याच्या हातांकडं बघितलं, आणि वीज पडून आग असा पंचनामा करून निघून गेला. गावाला हायसं वाटलं. गावानं एका माणसाला वाचवलं होतं आणि आम्ही सगळे स्वतःवर खूश होतो. वीज हा शब्द महानंदाच्या कानात कसा जाईल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी स्वतःला शहाणी समजते, माझ्याही नाही.

फोन येत राहिला.

“आरोहीला पानी घातलं का?”

“घातलं,” ज्ञानबा म्हणायचा. हाताला पट्ट्या बांधलेल्या, फोन मी त्याच्या कानाला धरायची. फोन ठेवला की तो पायरीवर बसून राहायचा. मी म्हणायची, भावजी, सांगून टाका. तो म्हणायचा, बारसं होऊन जाऊ द्या, बाळाच्या घरात रडारड नको.

पण गावात पोरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर कुणीतरी काळ्या माळाचा फोटो टाकला, खाली लिहिलं, वीज कोसळून स्मृतिवन खाक. शिवराजनं तो बघितला. बारशाच्या घुगऱ्या कशाबशा वाटून महानंदा दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं आली. दुपारी फाट्यावर उतरली, पिशवीसकट सरळ माळावर गेली आणि तासाभरानं घरी आली. मी त्यांच्या ओसरीवरच होते, ज्ञानबाच्या पट्ट्या बदलत होते.

ती रडेल, कपाळ बडवून घेईल, आम्हाला शिव्या देईल अशा तयारीत मी होते. ती शांत होती. ज्ञानबासमोर जमिनीवर बसली आणि त्याचे हात बघितले.

“लई भाजलं की,” म्हणाली.

ज्ञानबानं मान खाली घालून हात मागं ओढले.

“मला समद्यांनी सांगितलं, तुमी आगीत शिरला व्हता म्हनून,” ती म्हणाली. “माझंच चुकलं. तुमी तवा म्हनला व्हता, हिला दारात लावू, पत्र्याच्या आडोशाला. म्या ऐकलं न्हाय. मला वाटलं, माळावर उंचावर ऱ्हाईल, समदं गाव तिला दिसंल. उंचावरच ईज पडती की. येवढं बी कळलं न्हाय मला. एकदा पत्र्यावर पाठवली, दुसऱ्यांदा माळावर. दोन्ही बारीला म्याच पाठवली.”

माझ्या हातातली पट्टी तशीच राहिली. ज्ञानबानं मान वर केली. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

“महानंदे, ईज न्हाय पडली,” तो म्हणाला. “म्या जाळलं. ह्या हातानं काडी लावली. पट्टा काढाय गेलतो तिच्याभवती. वारं फिरलं. ईज बीज काय न्हाय, म्या जाळली पोरीला.”

महानंदा त्याच्याजवळ सरकली. मग तिचे डोळे भरून आले, आणि तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“नगा असं बोलू,” ती म्हणाली. “सरकारी मानसानं लिवून नेलंय, गावानं डोळ्यांनी बघितलंय. माझ्यासाठी उगं पाप डोक्यावर घेऊ नगासा.”

“अगं खरं सांगतोय! वैनीला इचार!”

तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, “व्हय महानंदा, खरं हाय. वनखात्याच्या भ्यानं आमी समद्यांनी ईज म्हनून सांगितलं.”

“अक्का, तुमी बी,” ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. मी काय सांगितलं ते तिच्या कानात शिरलंच नव्हतं. मी शपथ घेतली, पंचनाम्याची सगळी हकिगत सांगितली. ती ऐकत होती आणि मान हलवत होती, समजूत काढणाऱ्याचं बोलणं आजारी माणसानं ऐकून घ्यावं तशी. मग नवऱ्याला म्हणाली, “सात वर्सं वाट बघितली म्या. एकदा तरी म्हनाल, तुझ्या एकटीचं न्हाय म्हनून. आज म्हनला. आता मला काय नको.”

ज्ञानबा ओरडायला लागला. आधी तिच्यावर, मग माझ्यावर, मग रडायला लागला. तिनं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. मी पट्ट्यांचं ताट उचलून बोळातून घरी आले आणि त्या दिवशी गिरणी चालू केलीच नाही.

पुढं पाऊस आला, चांगला आला. माळ हिरवा झाला. कडुनिंबांना खालून फुटवे आले, आमच्या ह्यांनाही चार पानं फुटली. बहाव्याचा बुंधा ज्ञानबानं नखानं खरवडून बघितला, आतपर्यंत कोरडा होता. महानंदा आता वर जात नाही. आभाळात नुसतं गुरगुरलं तरी ती आत जाऊन दार लावून घेते, आणि नातवाला गावाला आणू नका असं तिनं शिवराजला बजावून ठेवलंय. हा माळ आणि हे आभाळ आपल्याच घरावर टपलंय असं तिला वाटतं. ज्ञानबा रोज पायरीवर येऊन बसतो. “वैनी, तिला पटवा की कसंबी,” म्हणतो. मी सरपंचाला घेऊन गेले, आळीतल्या बायांना घेऊन गेले. जेवढी माणसं जास्त, तेवढी तिची खात्री घट्ट होते, की सगळं गाव तिच्या मनाला जपतंय.

परवा ती दळण घेऊन आली होती. चेहरा बरा दिसत होता, केस नीट विंचरलेले. मी पीठ भरून देत होते तेव्हा हळूच जवळ सरकली.

“अक्का, ह्यांचं मन लई मऊ झालंय बघा,” म्हणाली. “अजून बी रोज सांगत्यात, म्याच जाळलं म्हनून. माझ्यासाठी येवढं कोन करतं?”